डिझेल चाखणारे कप्तान

सन २०२२. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो. गुडघे सोडले तर सगळं शाबूत होतं, आणि गिरणारे रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं काम मी सोडलेलं नव्हतं. आजही सोडलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीच्या मास्तरांचं आणि माझं एकदा वाजलं. त्यांनी माफी मागायला पाहिजे होती, ती त्यांनी मागितली नाही, म्हणून मी परत गेलो नाही. पण लिहायला येतं. हे सगळं माझंच लिहिणं आहे.

त्या साली कप्तान पहिल्यांदा माझ्या शेडमध्ये आले ते पाय उंच उचलून. माझ्या शेडला उंबरा नाही. दारसुद्धा नाही, नुसतं शटर आहे. तरी त्यांनी एक पाय गुडघ्याइतका वर घेतला, आत ठेवला, मग दुसरा घेतला. खाली काही पडलंय की काय म्हणून मी वाकून पाहिलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "माझी चूल मधेच विझते."

मी म्हटलं, "गॅसवाला पुढं हाय. डाव्या हाताला."

"ती चूल नाही हो. नावेतली."

चूल म्हणजे इंजिन. पुढे कळलं की त्यांच्या बोलण्यात टाकी म्हणजे हंडा, फिल्टर म्हणजे गाळणी आणि मी म्हणजे मिस्त्री. मला तेवढं एकच नाव बरोबर मिळालं.

कप्तान हे काही कप्तान नव्हते. सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली, पण भंडारी म्हणून. भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी. इंजिनच्या खोलीत ते गेले ते फक्त चहा द्यायला. पण पंचवटीतल्या नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून त्यांनी एक सोनेरी पट्टीची टोपी आणली होती, ती परत केली नाही, आणि टोपी असलेल्या माणसाला लोक कप्तानच म्हणतात. ते म्हणायचे, "पोटावर राज्य करतो तो खरा कप्तान. वर बसतो तो नुसता पुढं बघतो."

जहाजाच्या दारांना खाली उंच लोखंडी पट्टी असते, पाणी आत येऊ नये म्हणून. ती ओलांडायची सवय त्यांच्या पायातून गेलीच नाही. देवळात, बँकेत, कापडाच्या दुकानात ते असेच पाय उचलत आत जायचे. एकदा बँकेत त्यांच्या मागच्या दोन माणसांनीही पाय उचलले. रखवालदार नंतर बराच वेळ फरशीकडे बघत होता.

घरी तर आणखी मजा. समुद्र खवळला की ताटं घसरू नयेत म्हणून जहाजावर टेबलावर ओला कपडा टाकतात. कप्तान घरीही जेवायच्या टेबलावर ओला कपडा टाकायचे. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो, तर माझी बाही कोपरापर्यंत ओली झाली.

"इतकी वर्षं झाली येऊन," वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "घर अजून एकदाही हललं नाही."

"आणि हललं तर?" कप्तान म्हणाले. "तेव्हा कळेल तुला."

वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. नवरा समुद्रावर असताना त्यांनी एकटीने घर बांधलं, लेकीचं लग्न केलं, आणि नवरा परत आल्यावर तो टेबल ओलं करत बसला. त्यांच्या तोंडाला धार होती आणि ती असायलाच पाहिजे होती.

कप्तानांच्या शर्टाच्या खिशात, लोकांचं पेन असतं तिथे, स्टीलचा चमचा असायचा. ते कशावरही मत द्यायच्या आधी चव घ्यायचे. आमटी, औषध, विहिरीचं पाणी, द्राक्षावर फवारायचं औषधसुद्धा एकदा. तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलला न्यावं लागलं, आणि शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "कडू आहे." त्यांचा नियम एकच. चव घेतल्याशिवाय मत नाही. समोरच्याने चव घेतली नसेल तर त्यालाही मत नाही.

आता नावेचं सांगतो.

निवृत्त झाल्यावर माणसं प्लॉट घेतात. यांनी मुंबईकडून एक जुनी शिडाची नाव घेतली. ट्रकवर घालून कसारा घाटातून वर आणली, डोलकाठी मागे लोंबत, तिला लाल फडकं बांधून. द्वारका चौकाजवळच्या ट्रकच्या पेंटरकडून तिला रंग दिला. पेंटरने नाव विचारलं, अन्नपूर्णा असं लिहिलं, आणि सवयीने मागच्या बाजूला 'सुरक्षित अंतर ठेवा' हेही लिहून टाकलं. ती नाव त्यांनी आमच्याकडच्या धरणाच्या पाण्यात सोडली. समुद्र इथून घाट उतरून लांब. पण कप्तान म्हणायचे, पाणी ते पाणी, मीठ आपण वरून घालू.

शीड होतं, पण सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून पोटात एक छोटं डिझेल इंजिन. आणि ते इंजिन काठावर असेपर्यंत गोड चालायचं, मधे गेलं की आचके देत बंद पडायचं. थोडा वेळ सोडलं की पुन्हा सुरू. मग पुन्हा बंद.

शेवटच्या वेळेला नावेत वहिनींचा भाऊ होता, कळवणचा, नवे कपडे घालून आलेला. भर पाण्यात इंजिन बंद पडलं. वारा नाही. शेवटी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरणाऱ्या एका गड्याने दोरी बांधून, हाताने पाणी मागे लोटत लोटत, ती एवढी शिडाची नाव काठाला ओढून आणली. काठावर शंभरेक माणसं मोबाईल धरून उभी. मागे लिहिलेलं, सुरक्षित अंतर ठेवा.

 दुसऱ्या दिवशी वहिनींनी पिंपळगावच्या एका हॉटेलवाल्याला बोलावलं.

या हॉटेलवाल्याचं हायवेला मिसळीचं हॉटेल होतं. त्याला नाव पाहिजे होती, पण पाण्यात नाही, गच्चीवर. "वहिनी, लय चालंल," तो म्हणाला. "वर नाव ठेवायची, आत टेबलं टाकायची, फॅमिली सेक्शन. शिडाखाली बसून मिसळ. रात्री लाइटिंग. पार धुळ्याची गाडी थांबंल."

कप्तान म्हणाले, "माझी नाव पावावर चालणार का?"

वहिनींनी मग निकाल दिला. त्या अजून एकदाही त्या नावेत बसल्या नव्हत्या. येत्या रविवारी त्या बसणार. कप्तानांनी त्यांना पलीकडच्या काठाला न्यायचं आणि परत आणायचं. इंजिन मधे बंद पडता कामा नये. पडलं तर नाव गच्चीवर. हॉटेलवाला इतका खात्रीत होता की त्याने रविवारची क्रेन सांगून ठेवली.

म्हणून कप्तान पाय उचलत माझ्याकडे आले होते. टोपी हातात होती. नाव गेली असती तर त्या माणसाला सकाळी उठून जायला जागा उरली नसती, हे मला त्यांनी सांगितलं नाही, पण टोपी ज्या रीतीने धरली होती त्यावरून दिसत होतं.

मी गेलो. काठावर बांधलेल्या नावेत उतरलो, इंजिन चालू केलं, कान लावला. मी कानाने काम करतो. टक टक टक, सरळ. काही नाही.

"हवा धरतंय," मी म्हटलं. "डिझेलच्या पाईपात हवा घुसती. येअर काढली की झालं."

"चव घेतली का?"

"कशाची?"

"डिझेलची."

"इंजिनाला कानानं वळखायचं असतं."

कप्तानांनी खिशातला चमचा काढला, फिल्टरखालचा स्क्रू मला सैल करायला लावला, चमचाभर डिझेल घेतलं, तोंडात घोळवलं आणि पाण्यात न थुंकता डब्यात थुंकलं. धरणाचं पाणी शहर पितं, म्हणून ते तिथे कधी थुंकायचे नाहीत. मग डोळे मिटून उभे राहिले.

"आंबलंय."

"डिझेल आंबत नाय कप्तान. ते काय ताक हाय?"

"तुम्ही चव घेतली का?"

"नाय."

"मग बोलू नका."

मी पाना ठेवून देणार होतो. पण मी अर्धं काम सोडून जात नाही. आम्ही नाव मधे नेली. थोडा वारा सुटला, लाटा उठल्या, नाव डुलायला लागली, आणि इंजिनचा आवाज बदलला. आधी वर गेला, मग खाली, मग खोकला, मग बंद. मी पाईपाचा सांधा सैल केला, इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारला. डिझेलबरोबर बुडबुडे आले.

"बघा," मी म्हटलं. "बुडबुडे. हवा."

"आंबल्यावरही बुडबुडे येतात," कप्तान म्हणाले.

 आम्ही थांबत, चालू करत, पुन्हा थांबत काठाला आलो, आणि सगळी वाट भांडत आलो. त्यांचं म्हणणं असं: पातेलं चुलीवर स्थिर असेपर्यंत वरचं वरण चांगलं लागतं, कोणी ढवळलं की तळाचं वर येतं. काठावर नाव हलत नाही म्हणून इंजिनला वरचं चांगलं मिळतं. मधे लाटा ढवळतात. तळाशी काहीतरी आहे. माझं म्हणणं असं की हवा आहे. दोघांपैकी कोणी एक पाऊल हललं नाही.

तळाशी काही असेल तर ते कुठून आलं? कप्तानांचा संशय पेट्रोल पंपावर. ते नेहमी डिझेल घ्यायचे त्या पंपावर मला घेऊन गेले, कॅन न घेता, चमचा घेऊन. पंपावरच्या पोराला म्हणाले, "चमचाभर दे."

पोरगं म्हणालं, "काका, हाटेल पुढं हाय."

शेवटी मॅनेजर आला. कप्तानांनी तिथल्या डिझेलची चव घेतली, तोंड पुसलं, आणि भर पंपावर हात जोडून म्हणाले, "उत्तम आहे. आचाऱ्याला सांगा." मॅनेजरने मान हलवली. त्याला अजून कळलेलं नसेल.

म्हणजे बिघाड आपल्याच घरात होता.

मग मी माझी पद्धत वापरली. टाकीच्या तळाचं डिझेल काढायचं आणि काचेत ठेवायचं. काच म्हणून कप्तानांनी वहिनींची लोणच्याची बरणी आणली. बरणी भरली, ओट्यावर ठेवली, आणि आम्ही ओल्या टेबलाशी चहा घेत बसलो. चहा संपेपर्यंत बरणीत तीन थर झाले. वर डिझेल, स्वच्छ. खाली पाणी, गढूळ. आणि दोघांच्या मधे काळपट, बुळबुळीत, सायीसारखं काहीतरी, हलवलं की लोंबणारं. डिझेलमध्ये पाणी बसून राहिलं की त्या मधल्या जागेत असं किडं-शेवाळ वाढतं, हे मी ऐकून होतो. इतकं जाड कधी पाहिलं नव्हतं. विहिरीवरच्या इंजिनांना कोणी हलवत नाही, म्हणून तिथे ते तळाशी गपचूप पडून राहत असेल.

"साय धरली," कप्तान म्हणाले आणि चमचा काढला.

"आता नका," मी म्हटलं.

त्यांनी घेतली चव. मग चमचा माझ्यापुढे धरला. मी घेतली की नाही ते मी सांगणार नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या. बरणी कोणती आहे ते पाहून त्यांचं तोंड उघडलं, पण त्याआधी त्यांनी झाकणाचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"याला प्रसादाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"डिझेलचा येतोय," मी म्हटलं.

"भाऊ, मला डिझेलचाही येतोय. पण खवट खोबऱ्याचाही येतोय." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, नाव पाण्यात न्यायच्या आधी तुम्ही नारळ फोडता ना?"

"फोडतो. दर वेळी. रिकाम्या तोंडाने कोणी पाण्यात जातं का?"

"कुठं फोडता?"

कप्तानांनी चमचा खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

मी कप्तानांना घेऊन नावेवर गेलो, तेव्हा सगळं समोरच होतं. ती नाव फायबरची. पहिला नारळ कप्तानांनी तिच्या नाकावर फोडला होता, तेव्हा नारळ शाबूत राहिला आणि नाकाला चीर गेली. तेव्हापासून ते नारळ एकाच टणक जागेवर फोडायचे. मागच्या बाजूला, पायाखालच्या फळीत, डिझेल भरायचं तोंड होतं आणि त्याला जाड पितळी झाकण. बरोब्बर मधे खळगा पडला होता. दणके बसून झाकण वाकलं होतं, खालचं रबरी वायसर फाटलं होतं. आणि नारळ फोडला की कप्तान लगेच तेच झाकण उघडून काठीने डिझेल किती आहे ते बघायचे. म्हणजे कडेला साचलेलं नारळाचं पाणी, खोबऱ्याचा भुगा, सगळं आत. दर फेरीला नैवेद्य. फिल्टर उघडला तर त्यात शेंडीचा एक केसही निघाला.

मी तो केस त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

"म्हणजे चव बरोबर होती," ते म्हणाले.

आणि हवाही बरोबर होती. गाळणी तुंबली की पंप जोर लावतो आणि ढिल्या सांध्यातून हवा ओढतो. हे मी त्यांना सांगितलं, वहिनींना सांगितलं, हॉटेलवाल्यालाही पुढे सांगितलं. कोणी लक्ष दिलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

टाकी रिकामी करायची म्हटल्यावर कप्तान अडून बसले. "ते देवाला दिलेलं आहे. गटारात नाही टाकता येणार."

"गटारात टाकायचं नसतंच. ते तेल हाय."

"झाडाच्या मुळाशी?"

"झाड मरंल."

"मग?"

"वीटभट्टीवाला माझ्या वळखीचा हाय. भट्टीत टाकू. होम झाला समजा."

ते त्यांना पटलं. भट्टीवर त्यांनी हातही जोडले.

टाकीचं मोठं झाकण खोललं, हात घालून आतून पुसून काढली. पुसायला कप्तानांचे जहाजावरचे एप्रन फाडले. एकेक फाडताना ते त्या जहाजाचं नाव सांगायचे आणि तिथे कोणाला काय आवडायचं तेही. पाईप फुंकले, फिल्टर दोन्ही नवे घातले, पाणी अडवायची काचेची वाटी बसवली, तिला खाली तोटी. झाकणाला नवं वायसर. नवं डिझेल भरताना ते गाळून घ्यायचा हट्ट कप्तानांचा. कपडा मी आणा म्हटलं, त्यांनी वहिनींचं श्रीखंडाचा चक्का टांगायचं फडकं आणलं. वहिनींना ते संध्याकाळी दोरीवर वाळत घातलेलं सापडलं. त्यावर काय झालं ते मी ऐकलं नाही, मी सायकल काढली होती.

रविवारी काठावर क्रेन उभी. क्रेनवाला खाली सावलीला झोपलेला. हॉटेलवाला टेप घेऊन नावेची रुंदी मोजत होता. वहिनी साडीवर बूट घालून आल्या. कप्तानांनी नारळ काठावरच्या दगडावर फोडला, झाकणापासून बराच लांब, आणि तरी मी झाकणावर उभा राहिलो.

इंजिन चालू केलं. काय आवाज. मधे गेलो, लाटा आल्या, नाव डुलली. मी कान लावून होतो. टक टक टक. एक ठोका चुकला नाही. कप्तान सुकाणू धरून उभे, टोपी डोक्यात, आणि त्यांच्या गालावरून काहीतरी ओघळत होतं, ते पाणी उडालेलं होतं असं ते नंतर म्हणाले.

वहिनी काहीतरी बोलल्या. ऐकू आलं नाही.

"काय?"

"हे बंद करा म्हटलं."

"बंद नाही होणार आता," कप्तान ओरडून म्हणाले. "मिस्त्रींनी केलंय."

"बंद पडू नये म्हणाले होते मी. बंद करू नका असं कुठं म्हणाले? डोकं उठलंय. किती तो आवाज."

"अट म्हणजे अट. परत जाईपर्यंत नाही."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, कुठून बंद होतं हे?"

मी म्हटलं, "मी नाय सांगणार."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, लाल गोळा दिसला, तो ओढला. इंजिन बंद.

एकदम सगळीकडे पाणी ऐकू यायला लागलं. नावेखालून, बाजूने. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती. वहिनी आधी कड धरून बसल्या होत्या, त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा.

"तो कपडा कशाला गुंडाळून ठेवलाय?" त्या म्हणाल्या.

"शीड आहे ते."

"मग सोडा की."

कप्तानांनी शीड चढवलं. दोरी दोनदा हातातून सुटली. मग वाऱ्याने शीड भरलं, नाव एका कुशीला झुकली आणि आवाज न करता निघाली. वहिनी हसल्या. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं, आणि कप्तानांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. पलीकडचा काठ आला, तर त्या म्हणाल्या, उतरायचं नाही, अजून एक चक्कर. त्यानंतर आणखी एक.

मधेच त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि हॉटेलवाल्याला लावला. "क्रेन परत पाठवा," त्या म्हणाल्या. "नाही, विकायची नाही. नाही हो, इंजिनाचा काही संबंध नाही. ते बंदच आहे."

पलीकडून तो काय बोलला ते मलाही ऐकू गेलं, कारण आता सगळंच ऐकू येत होतं. "मग वहिनी, इंजिन लागत नसंल तर तेवढं तरी द्या. जनरेटरला जोडतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"फोन ठेवा," मी म्हटलं.

आम्ही शिडावरच परत आलो. काठावरच्या लोकांनी मोबाईल काढले. कप्तानांचे हात धरून सगळे शिडाबद्दल विचारत होते. एकानेही इंजिनाबद्दल विचारलं नाही. मी हत्यारं पिशवीत भरली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधी मी सायकल धरणाकडे वळवली. काठावर कोणी नव्हतं. नावेत उतरलो, इंजिन चालू केलं, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि ऐकत बसलो. चहा गार झाला. एकदाही अडखळलं नाही. मग मी माझ्या हाताने बंद केलं.